भोजकटचा रुक्मी आणि पटावरचा मंत्रयोद्धा

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या अकोटच्या घरीं पुण्याहून भाचा आला, तो आपल्याबरोबर एक लहानशी मखमली थैली घेऊन आला. थैलींत फांसे होते. पण ते आमच्या परिचयाचे नव्हते. सारीपाटाचे लांबट फांसे आम्हीं पाहिले आहेत, सापशिडीचा चौकोनी फांसाही घरोघर असतो. या थैलींतून मात्र चार अंगांचा, आठ अंगांचा, बारा अंगांचा व एक तर चक्क वीस अंगांचा, असे नाना आकारांचे फांसे निघाले. रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत सतरंजी पसरून घरांतील मुलें त्यांच्याभोंवतीं बसलीं. पट नाहीं, सोंगट्या नाहींत. प्रत्येकाच्या हातीं एक कागद व एक शिसपेन्सिल. भाचा सूत्रधार झाला व गोष्ट सांगूं लागला: सातपुड्याच्या पायथ्याशीं एक ओसाड किल्ला आहे, त्याच्या भुयारांत पुरलेलें द्रव्य आहे, व तुम्ही चौघे त्याच्या महादरवाज्याशीं उभे आहांत. अकोटच्या मुलांना तो किल्ला नरनाळाच, हें निराळें सांगावें लागलें नाहीं.

पहिली रात्र मोठ्या रंगांत गेली. दुसऱ्या रात्रीं भांडण झालें. एका मुलानें आपल्यासाठीं असा वीर निवडला होता, कीं जो अंगांत चिलखत घालून तरवारही चालवितो आणि मंत्र म्हणून अग्नीचे लोळही फेंकतो. दार फोडावयाचें तर तोच पुढें. राक्षस मारावयाचा तर तोच पुढें. कुलूप उघडावयाचें तरी त्याच्यापाशीं मंत्र तयार. सर्वांत धाकट्यानें साधा भालाईत घेतला होता. त्याची पाळी येईपर्यंत करण्याजोगें कांहीं उरतच नसे. तिसऱ्या खेपेस तसेंच झालें तेव्हां त्यानें आपला कागद उलटा ठेवला, “मले नाही खेळाचं, सारं तोच करते,” एवढेंच म्हणाला, व आजीजवळ जाऊन निजला. भाच्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही घरांतील वडील, त्यांत थोडेंफार वाचलेले; निवाडा आम्हीं करावा अशी त्याची अपेक्षा. त्या वेळीं आम्हांस कांहीं सुचलें नाहीं. पुढें दोन दिवस त्या प्रश्नाचा जो माग आम्हीं काढला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

या खेळाची वंशावळ शोधूं लागलें म्हणजे ती फिरत फिरत आमच्याच वेशीशीं येते, हें पाहून प्रथम नवल वाटलें. अकोटापासून थोड्याच कोसांवर अडगांव आहे. तेथें २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याची व आर्थर वेलस्लीच्या फौजेची गांठ पडली. सिरसोली गांवाजवळ भोसल्यांच्या तोफा सुरू होतांच, दोनच महिन्यांपूर्वीं असईच्या रणांत धैर्यानें लढलेल्या वेलस्लीच्या पलटणी उधळल्या. त्यानें स्वतः पुढें होऊन त्या पुन्हां उभ्या केल्या, आणि दिवस मावळण्यापूर्वीं वऱ्हाडच्या राजकारणाचा निकाल लागला. डिसेंबरांत गाविलगड पडला व १७ तारखेस देवगांवचा तह झाला. हाच वेलस्ली १८१५ सालीं वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून वॉटर्लूच्या रणांत उभा होता, तेव्हां प्रशियाच्या सैन्यातर्फे त्याच्या छावणींत म्युफ्लिंग नांवाचा सेनानी असे. म्युफ्लिंग पुढें प्रशियाच्या सेनेच्या जनरल स्टाफचा प्रमुख झाला. १८२४ सालीं राइस्विट्स या तोफखान्यांतील तरुण अधिकाऱ्यानें त्याला नकाशावर खेळावयाचें एक युद्ध दाखविलें. तें पाहून त्याचें मन इतकें वळलें, कीं सैन्याच्या शिक्षणांत त्या खेळाचा समावेश व्हावा म्हणून त्यानेंच शिफारस केली.

युद्धाचा खेळ युरोपांत अगदींच नवा नव्हता. १७८० सालीं हेल्विग नांवाच्या जर्मन गृहस्थानें बुद्धिबळाचाच पट वाढवून, त्यावर डोंगर, नद्या व तोफा मांडून एक खेळ रचला होता; आणि बुद्धिबळ मूळ कोठलें हें वाचकांस सांगावयास नको. राइस्विट्सनें त्यांत तीन गोष्टी पक्क्या केल्या. सेनापतीला रणांगणावर जेवढें दिसेल तेवढेंच खेळणाराला दिसावें. नशिबाचा भाग फांशांनीं ठरावा. आणि दोन्ही पक्षांच्या मध्यें एक पंच असावा, ज्याचा शब्द अखेरचा. आमच्या माजघरांतील सूत्रधाराचा आजोबा तो हाच पंच.

पुढील शतक-दीडशतकांत हा खेळ लष्कराच्या कचेरींतून हौशी लोकांच्या घरांत आला, शिशाचे शिपाई मांडून खेळला जाऊं लागला, व १९७१ सालीं अमेरिकेंत ‘चेनमेल’ या नांवाचें मध्ययुगीन लढायांचें एक नियमपुस्तक निघालें. त्याच्या शेवटीं कल्पित कथांतील राक्षस, वीर व मांत्रिक यांच्यासाठीं एक पुरवणी जोडलेली होती. आमच्या प्रश्नाची पहिली गांठ या पुरवणींत आहे. मांत्रिकानें फेंकलेल्या अग्निगोलाचा मारा त्यांत मोठ्या गोफणयंत्राच्या माऱ्याइतका धरला होता, आणि विजेच्या लोळाचा जड तोफेच्या माऱ्याइतका. म्हणजे खेळाच्या पटावर मांत्रिक जन्मास आला तो तोफ म्हणून. आतां तोफ सैन्याला असह्य होत नाहीं, याचें कारण ती जड असते. ती ओढावयास बैल लागतात, तिला दारूगोळा लागतो, चिखलांत तिचीं चाकें रुततात, व शत्रूचे स्वार अंगावर आले म्हणजे गोलंदाजाला पळतां येत नाहीं. अडगांवच्या तोफांनीं पलटणी उधळल्या हें खरें; पण त्याच तोफा दिवस मावळेपर्यंत वेलस्लीच्या हातीं पडल्या. या तोफेला दोन पाय फुटले, अंगांत चिलखत आलें व उजव्या हातांत तरवार आली, म्हणजे मात्र पटावर दुसऱ्या कोणाचें काय काम उरेल?

१९७४ च्या जानेवारींत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गांवाहून तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हां ही अडचण त्यांना दिसली होती असें त्यांच्या नियमांवरून स्पष्ट होतें. त्यांच्या खेळांत प्रत्येक गडी सैन्य हलवीत नाहीं, स्वतःच एक पात्र होतो. पात्रांचे वर्ग तीन: योद्धा, मांत्रिक व धर्मोपदेशक. योद्ध्याला सर्व शस्त्रें व सर्व चिलखतें मोकळीं. मांत्रिकाला चिलखत वर्ज्य, व शस्त्र म्हणाल तर एक खंजीर. मंत्रही असा, कीं तो आधीं पाठ करावा, एकदां उच्चारला कीं स्मृतींतून पुसून जावा, व पुन्हां हवा असल्यास नव्यानें पाठ करावा. ही कल्पना गायगॅक्सनें जॅक व्हॅन्स या अमेरिकन लेखकाच्या १९५० सालीं निघालेल्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकांतून घेतली. ज्यानें लहानपणीं आजीच्या तोंडून कर्णाची गोष्ट ऐकली आहे, त्याला मंत्र ऐन वेळीं विसरण्याची कल्पना परकी वाटणार नाहीं.

इतकी काळजी घेऊनही एक पात्र दोन्ही वर्गांच्या मध्यें शिरलेंच. एल्फ म्हणून आपल्या यक्षगंधर्वांशीं दूरचें नातें जुळेल अशी जी जात पाश्चात्य कथांत आहे, तिच्यांतल्या वीराला दोन्ही विद्या मोकळ्या ठेवाव्या लागल्या. कारण कथांतून तो तसाच वर्णिलेला. मग गायगॅक्सनें अट घातली, कीं त्यानें एका मोहिमेंत योद्धा व दुसरींत मांत्रिक व्हावें, चालू मोहिमेंत वर्ग बदलूं नये. आणि योद्धा म्हणून चौथ्या व मांत्रिक म्हणून आठव्या पायरीपलीकडे त्यानें चढूं नये. १९८१ च्या सुधारलेल्या पुस्तकांत मोहिमेची अट गेली व निराळा हिशेब आला. दुसरी पायरी गांठावयास योद्ध्याला २,००० अनुभवगुण लागत, मांत्रिकाला २,५००, आणि दोन्ही विद्या एकदम वापरणाऱ्या एल्फला ४,०००. दोन आणि अडीच मिळून साडेचार होतात. म्हणजे दोन वस्तू एकत्र घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदारानें पांचशेंची सूट दिली म्हणावयाची!

हा हिशेब आम्हांस प्रथम फार पटला होता. वस्तु दुप्पट तर मोल दुप्पट, यांत अन्याय कोठें आहे? पण नीट विचार करितां यांतला दोष ध्यानीं येतो. एल्फ आपली किंमत देतो ती पुढें, आठ-पंधरा बैठकींनंतर, त्याचे सोबती एक पायरी वर चढतील तेव्हां. त्याचा मोबदला मात्र तो आजच्या रात्रीं घेतो. कागदावर जमाखर्च बरोबर जुळला, तरी आमच्या सतरंजीवर उलटा ठेवलेला कागद कांहीं सुलटा होत नाहीं. पायऱ्यांची मर्यादा तर त्याहून लांबची. तिथपर्यंत पोंचण्याआधीं सुटी संपून मुलें शाळेंत गेलेलीं असतात.

बुद्धिबळाच्या कर्त्यांनीं हा सारा घोटाळाच टाळला. त्यांच्या पटावर मंत्री आहे, पण मंत्र नाहीं. हत्ती, घोडा, रथ व पायदळ या चतुरंग सेनेवरून तो खेळ बसविला, आणि ज्या देशांत आग्नेयास्त्र व वारुणास्त्र पोरांच्या तोंडीं होतें त्याच देशांत बसविला. तरी अस्त्र जाणणाऱ्या वीरासाठीं पटावर एकही घर ठेविलें नाहीं. जुन्या खेळांत वजीर तिरपें एक घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत त्याला हत्ती व उंट या दोघांच्याही चाली मिळाल्या, तेव्हां तो खऱ्या अर्थानें दोन विद्यांचा वीर झाला. तरी खेळ बिघडला नाहीं. कारण जें सामर्थ्य मला तेंच माझ्या प्रतिपक्ष्याला, आणि प्यादें रुसून आजीजवळ निजावयास जात नाहीं. जेथें प्रत्येक प्याद्याच्या आंत एक जिवंत मूल बसलेलें आहे, तेथें हा उपाय लागू पडत नाहीं.

म्हणून आम्ही महाभारताकडे वळलों. भारतांत शस्त्र व अस्त्र असा भेद केलेला आहे. शस्त्र हातानें चालतें, अस्त्र मंत्रानें प्रेरित होतें. द्रोण, कर्ण, अर्जुन, अश्वत्थामा हे सारे या अर्थानें मंत्रयोद्धेच. मग त्यांच्या गर्दींत गदाधारी भीमाला व अनाम पायदळाला कवीनें जागा कशी करून दिली? कथा वाचकांस ठाऊक आहेत. आम्ही त्यांतले केवळ नियम पाहूं.

नियमांचा कळस म्हणजे इंद्रानें कर्णाला दिलेली शक्ति. कवचकुंडलांच्या मोबदल्यांत ती मिळाली, म्हणजे किंमत आधीं चुकती झाली. ती एकाच शत्रूला मारील व परत इंद्राकडे जाईल. शिवाय जवळ दुसरीं अस्त्रें शिल्लक असतां व प्राणावर बेतलें नसतां ती सोडली, तर ती सोडणाऱ्यावरच पडेल. या तीन अटींमुळें कर्ण दुबळा झाला काय? मुळींच नाहीं, शक्ति त्याच्यापाशीं आहे तोंवर कृष्णाला झोंप नाहीं. पण अटींमुळें इतरांना काम मिळालें. चौदाव्या दिवशीं युद्ध सूर्यास्तानंतरही चाललें, राक्षसांचें बळ रात्रीं वाढतें म्हणून घटोत्कच पुढें आला, कौरवसेना त्राहि त्राहि करूं लागली, व अर्जुनासाठीं राखलेली शक्ति कर्णाला हिडिंबेच्या पुत्रावर खर्चावी लागली. पांडव रडत असतां कृष्ण आनंदानें गर्जत होता, ही कवीची निर्दयता अनेकांच्या अंगावर येते, आमच्याही येते. तथापि खेळाच्या दृष्टीनें पाहतां, एका अजिंक्य शस्त्रानें तेथें तीन माणसांच्या बुद्धीला व एकाच्या प्राणांना वाव दिला, हें विसरून चालणार नाहीं.

नारायणास्त्राची गोष्ट तर आमच्या भालाइतासाठींच रचली असावी असें वाटतें. पित्याच्या वधानें खवळलेल्या अश्वत्थाम्यानें तें सोडलें. जो लढेल त्याच्यावर तें अधिकाधिक भडकणार. जो वाहनावरून उतरून हातचें शस्त्र खालीं ठेवील त्याला तें सोडून देणार. म्हणजे त्या एका घटकेंत भाला टाकणारा शेवटचा पाईकसुद्धां आपल्या कृतीनें अस्त्राला उत्तर देऊं शकत होता, आणि गदा न टाकणारा भीम मात्र मरणाच्या दारीं होता; त्याला कृष्णार्जुनांनीं रथाखालीं ओढून काढलें. दुर्योधन म्हणाला, पुन्हां एकवार सोड. अश्वत्थाम्यानें सांगितलें, तें दुसऱ्यांदा वापरणाराचाच नाश करितें.

सर्वच अटी सारख्या मोलाच्या नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. ब्रह्मशिर अस्त्र मनुष्यांवर टाकूं नये ही द्रोणाची आज्ञा. ज्या प्रदेशांत असें अस्त्र दुसऱ्या अस्त्रानें हाणून पाडावें लागेल तेथें बारा वर्षें पाऊस पडणार नाहीं, हा त्याचा परिणाम. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हां वऱ्हाडच्या लोकांना याहून भयंकर दंड दुसरा कोणता सांगावा? सौप्तिकपर्वांत अर्जुनाला तें अस्त्र आवरतां आलें, कारण त्याचें व्रत पुरें होतें. अश्वत्थाम्याला आवरतां आलें नाहीं, व त्यानें तें पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळविलें. हा नियम उत्तम: विद्या दोघांची एक, फरक संयमाचा. याच्या उलट कर्णाला परशुरामाचा शाप, कीं मरणाच्या वेळीं ब्रह्मास्त्र आठवणार नाहीं, व ब्राह्मणाचा शाप, कीं रथाचें चाक भूमि गिळील. अट ही वीर आपल्या कृतीनें पाळतो किंवा मोडतो. शापापुढें त्याच्या हातीं कांहींच नसतें. काव्यांत शाप शोभतो. खेळांत जो सूत्रधार, ऐन वेळीं तुला मंत्र आठवला नाहीं, असें आपल्याच मुखानें सांगेल, त्याला मुलें दुसऱ्या दिवशीं बोलावणार नाहींत, आणि तें योग्यच होईल.

हें झालें काव्य. व्यवहारांत मंत्र व खड्ग एका हातीं येऊं नयेत ही जाणीव आमच्या वऱ्हाडांत ताम्रपटावर कोरलेली आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानीं नसतें. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्राच्या चौदाव्या, औपनिषदिक अधिकरणांत अदृश्य होण्याचे, अंधारांत पाहण्याचे व लोकांना झोंप आणण्याचे प्रयोग दिले आहेत, त्यांत तीन रात्रींचा उपवास, पुष्य नक्षत्राचा योग अशीं बंधनें पदोपदीं आहेत. पण त्या प्रयोगांचा कितपत अनुभव कोणास आला असेल याविषयीं शंका घेण्यास हरकत नाहीं. अचलपुराजवळच्या चम्मक येथील ताम्रपटाचें तसें नाहीं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानें पांचव्या शतकांत, आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षीं, मधुनदीच्या कांठचें चर्मांक गांव एक हजार ब्राह्मणांना दान दिलें. दानपत्रें आपल्याकडे शेंकड्यांनीं सांपडतात. या दानपत्राची अट मात्र विरळा. ब्राह्मणांनीं राज्याचा द्रोह करूं नये, चोरी-जारी करूं नये, युद्ध करूं नये व दुसऱ्या गांवांचा अपराध करूं नये. तोंवर हें दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालेल. याच्या उलट कोणी वागेल, तर राजानें जमीन परत घेतल्यास ती चोरी होणार नाहीं. मंत्र ज्यांच्या मुखीं होते त्यांना भूमि दिली, मान दिला, आणि तरवार दिली नाहीं. गायगॅक्सनें मांत्रिकाच्या कमरेला एक खंजीर तरी ठेविला. प्रवरसेन त्याहून सावध होता.

या ताम्रपटांत चर्मांक गांव ज्या राज्यांत असल्याचें म्हटलें आहे, त्याचें नांव भोजकट. आणि भोजकट म्हटलें कीं रुक्मी आठवलाच पाहिजे. रुक्मिणीस्वयंवर घरोघर वाचलें जातें. त्यांत रुक्मिणीचा हा भाऊ, अर्धे केस भादरलेला व रथाला बांधलेला, आपण हंसून सोडून देतों. भारतांतला रुक्मी इतका हास्यास्पद नाहीं. गंधमादनावर द्रुम नांवाच्या किंपुरुषश्रेष्ठापाशीं त्यानें चारी पादांसह धनुर्वेद शिकला, व महेंद्राचें विजय नांवाचें धनुष्य मिळविलें. दिव्य धनुष्यें तीन सांगितलीं आहेत: वरुणाचें गांडीव, विष्णूचें शार्ङ्ग व हें विजय. म्हणजे सामर्थ्यानें हा वैदर्भ वीर अर्जुन व कृष्ण यांच्या पंक्तीचा. कृष्णाला मारल्यावांचून कुंडिनपुरास परतणार नाहीं अशी त्यानें प्रतिज्ञा केली होती. ती फसली, तेव्हां जेथें पराभव झाला तेथेंच त्यानें भोजकट नगर वसविलें. अमरावतीजवळचें भातकुली हेंच तें नगर असें मानलें जातें. वर्धेकांठचें कौंडिण्यपूर त्यानें पुन्हां पाहिलें नाहीं.

भारतीय युद्धाची तयारी चालली असतां हा रुक्मी एक अक्षौहिणी सैन्य घेऊन पांडवांच्या छावणींत आला. युधिष्ठिरानें त्याचा सत्कार केला. मग सर्व राजांच्या देखत तो अर्जुनाला म्हणाला, कीं तूं भ्यालेला असशील तर मी साह्याला आलों आहें. भीष्म, द्रोण, कृप, कर्ण, कोणीही माझ्या वांट्याला दे. शत्रूंना मारून मी पृथ्वी तुझ्या स्वाधीन करीन. अर्जुन हंसला. खांडववनांत मी लढलों, गंधर्वांशीं लढलों, विराटनगरांत एकटा लढलों, तेव्हां साह्याला कोण होतें? भ्यालों असें मी कसें म्हणूं? राहावयाचें तर राहा, जावयाचें तर जा. रुक्मी उठला, दुर्योधनाकडे गेला, व तेथेंही तेंच बोलला. दुर्योधनानेंही त्याला परत पाठविलें. अठरा अक्षौहिणी सैन्य जेथें मेलें, त्या युद्धांतून दोघेच दूर राहिले, असें व्यास सांगतात: एक बलराम, आपल्या इच्छेनें, दुसरा रुक्मी, त्याला कोणीच घेतला नाहीं म्हणून.

एकेक पाईक ज्यांना हवा होता, त्या दोन्ही पक्षांनीं एक अक्षौहिणी व इंद्राचें धनुष्य परत कां लाविलें? टीकाकार त्याचें कारण अभिमान म्हणून सांगतात; अर्जुनाचा व दुर्योधनाचाही. तें खोटें नाहीं. पण रुक्मीचें बोलणें पुन्हां वाचलें आणि आमच्या कानांत माजघरांतलें वाक्य घुमलें: सारं तोच करते. मी लढेन असें तो म्हणाला असता तर कदाचित् राहिला असता. तो म्हणाला, तुमच्या सगळ्यांच्या वांट्याचें मीच करीन. कोणत्याही सेनेंत, मग ती धर्माची असो वा अधर्माची, अशा वीराला जागा नसते. त्याच्या बाजूला उभें राहण्यांत इतरांना कांहीं अर्थ उरत नाहीं. समतोल म्हणजे सर्वांचें बळ सारखें, अशी आमची आजवर समजूत होती. ती आतां आम्हांस चुकीची वाटते. भीमाचें व नकुलाचें बळ सारखें नव्हतें, म्हणून कांहीं नकुल पटावरून उठून गेला नाहीं. प्रत्येकाची पाळी आली म्हणजे तिच्यांत करण्याजोगें कांहीं उरलेलें असावें, एवढेंच पाहावयाचें असतें.

रुक्मीचा शेवट तर या विषयासाठीं जणूं मुद्दाम लिहिलेला आहे. नातीच्या लग्नांत, भोजकटांतच, तो बलरामाशीं द्यूत खेळावयास बसला. आरंभीं जिंकला व हंसला. मग मोठा पण बलरामानें जिंकला, तेव्हां रुक्मी म्हणूं लागला, कीं हा पण मीं कबूलच केला नव्हता. त्यावर आकाशवाणी झाली, कीं तोंडानें कांहीं न बोलतां जें कृतीनें केलें तेंही केलेंच होय, जय बलरामाचा. पंचाचा इतका मार्मिक निवाडा राइस्विट्सच्या पुस्तकांतही क्वचितच मिळेल. रुक्मीनें तो मानला नाहीं. तेव्हां बलरामानें उठून त्याला ठार केलें. आणि विष्णुपुराण म्हणतें, तें अष्टापदानें. अष्टापद म्हणजे आठ आठ घरांच्या ओळींचा द्यूताचा पट. त्याच चौसष्ट घरांवर पुढें चतुरंग मांडलें गेलें. कुरुक्षेत्रावर ज्याचें धनुष्य कोणाला नको झालें, तो वऱ्हाडचा वीर अखेर खेळाच्या पटानें मेला.

आमच्या भाच्याला हें सारें सांगितलें तेव्हां तो थोडा हंसला व म्हणाला, “मामा, पुस्तकांतही आतां तसंच केलंय.” त्याच्याजवळच्या २०१४ सालच्या नियमांत अशा वीराला योद्ध्याच्याच वर्गांत घातला आहे. मांत्रिक नऊ प्रतींपर्यंतचे मंत्र शिकतो, याला चौथ्या प्रतीवर थांबावें लागतें. तेही बहुतेक संरक्षणाचे व प्रहाराचेच. याहून महत्त्वाचा नियम असा, कीं एका पाळींत मुख्य कर्म एकच. दोन्ही विद्या येत असल्या तरी तरवार कीं मंत्र हें त्याला दर वेळीं ठरवावें लागतें. आणि टिकून राहणाऱ्या मंत्रांना एकाग्रता लागते. मध्यें घाव लागला तर फांसा टाकून पाहावयाचें, एकाग्रता टिकली कीं मोडली. हा शेवटचा नियम आम्हांस व्यासांच्या घरचा वाटला. मात्र मुलांना तो किचकट म्हणून भाच्यानें गाळला होता.

तिसऱ्या रात्रीं तो परत आणला, व आमच्या आग्रहास्तव त्याला एक पुस्ती जोडली: मोठा मंत्र म्हणत असतां मंत्रयोद्ध्याचे दोन्ही हात रिकामे हवेत, आणि तो पुरा होईतों कोणीतरी त्याच्यापुढें उभें राहून वार झेलला पाहिजे. थोरल्यानें अर्थातच हुज्जत घातली. मग त्याला रुक्मीची गोष्ट सांगावी लागली. ती त्याला फारशी आवडली नाहीं, पण तो कबूल झाला. धाकट्याला आजीजवळून उठवून आणला. महादरवाज्याच्या आंत राक्षस उभा, थोरला तरवार म्यान करून मंत्राला बसला, व त्याच्यापुढें आमचा भालाईत. राक्षसाचा वार आला. धाकट्यानें वीस अंगांचा फांसा दोन्ही ओंजळींत घेऊन बराच वेळ खुळखुळविला व सतरंजीवर टाकला. चार पडले. भाला मोडला, मंत्र अर्ध्यावर बुडाला, चौघेही वीर दरवाज्याबाहेर पळत सुटले, आणि उद्यां भाला कोठून आणावयाचा याचा खल अकरा वाजून गेले तरी संपेना.